बोटांना कळणारं घर

त्या गल्लीत घरं रंगवणारे चार-पाच जण होते, पण भिंतीचं काम म्हटलं की लोकांना एकच माणूस आठवायचा. त्याचं खरं नाव त्याच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं. सगळे त्याला चुनेबुवा म्हणत. जुन्या भिंतीचे पोपडे काढायचे, भेगा बुजवायच्या, लांबीची पुट्टी भरायची आणि घासून घासून भिंत अशी करायची, की गाल टेकवला तरी टोचू नये. मग तिच्यावर पांढरा हात. पांढराच. कुणी दुसऱ्या रंगाचं विचारलं, तर ते हसून म्हणत, "रंग लावणारे पुष्कळ आहेत. मी आपला लोकांना चुना लावून पोट भरतो." समोरचा हसायचा आणि विषय तिथंच संपायचा. हसणारा माणूस सहसा पुढचा प्रश्न विचारत नाही, हे चुनेबुवांना अनुभवानं ठाऊक झालं होतं.

पुढचा प्रश्न त्यांना नकोच होता. चुनेबुवांना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नसे. लाल, हिरवा, तपकिरी, शेंदरी ही सगळी त्यांच्या डोळ्यांना एकाच घरातली भावंडं. कुणी जरा काळसर, कुणी जरा उजळ, एवढंच. गुलाबी आणि राखाडी म्हणजे तर जुळे भाऊ. निळा तेवढा बरोबर कळायचा, पिवळाही बहुतेक वेळा.

हे पहिल्यांदा उघडकीला आलं ते मामाकडे. मामा घरं रंगवायचा आणि सोळा वर्षांच्या भाच्याला त्यानं आपल्याबरोबर घेतलं होतं. एका शाळेच्या खिडक्या हिरव्या करायच्या होत्या. मामा बाहेरच्या बाजूनं शिडी लावून चढला आणि भाच्यानं आतून सात खिडक्या मन लावून तपकिरी करून टाकल्या. काम सुबक होतं. कुठं ओघळ नाही, काचेवर एक थेंब नाही. मामानं खिडक्यांकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं, मग दोन डबे पुढ्यात ठेवून विचारलं, "यातला हिरवा कुठला?" भाच्यानं डब्यावरची अक्षरं वाचायला मान वाकडी केली. मामानं अक्षरांवर हात ठेवला.

मामा रागावला नाही. "ब्रश इकडे दे," तो म्हणाला. "आजपासून तू भिंत घासायची. रंग काय, कुणीही फासतो." ही समजूत होती की शिक्षा, हे भाच्याला कधी उलगडलं नाही. पण तो भिंती घासायला लागला, आणि घासता घासता त्याच्या तळहाताला मामाच्या डोळ्यांपेक्षा जास्त कळायला लागलं. ओल कुठून येतेय, आतलं प्लास्टर कुठं पोकळ झालंय, आधीच्या कारागिरानं कुठं अंगचोरपणा केलाय, हे सगळं हात फिरवला की समजायचं.

दुसरी व्यक्ती, जिला हे कळलं, ती बायको. ती कपडे शिवायची. लग्नाआधी हे महाशय शर्ट उसवल्याचं निमित्त काढून तिच्या दुकानात खेपा घालत. एकदा तिनं मरून कापडाला जुळणारं दोऱ्याचं रीळ आणायला सांगितलं, तर हे शेवाळी घेऊन आले. पुढच्या वेळी राखाडीऐवजी गुलाबी आणलं. तिसऱ्या वेळी तिनं मुद्दामच पाठवलं. परीक्षा घेऊन झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "चष्म्यानं जाण्यासारखं आहे का हे?"

"नाही."

"बरं. मग गाठी मारू."

तिनं प्रत्येक डब्याच्या कडीला सुतळीचा तुकडा बांधला. एक गाठ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, तीन म्हणजे तपकिरी. पांढऱ्याखेरीज एखादं काम घ्यावंच लागलं, तर ती आदल्या दिवशी स्वतः जाऊन रंग कालवून द्यायची. लोकांना वाटायचं, काय जीव आहे नवऱ्यावर. तो होताच, पण त्या येण्याजाण्याचं कारण वेगळं होतं. सव्वीस वर्षं हे गुपित दोघांनी असं जपलं, की त्यांच्या मुलीलाही ते लग्न होईपर्यंत माहीत नव्हतं.

त्या मुलीला दुसऱ्या गावी जुळं झालं, तेव्हा बायको तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "मी येईपर्यंत नवीन काही अंगावर घेऊ नका. पांढरं असेल तर घ्या."

"पांढरंच घेईन."

"आणि कुणी क्रीम म्हटलं तर?"

"तर आजारी पडेन."

ती गेल्यावर आठ दिवसांनी एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण खणखणीत. "तुमच्याबद्दल ऐकलं. तुम्ही रंगाचं काम घेत नाही म्हणे."

चुनेबुवांनी ठरलेला विनोद केला. बाई हसल्या नाहीत. "छान," त्या म्हणाल्या. "मला रंग नकोच आहेत. उद्या येऊन जा."

रंगाऱ्याला फोन करून रंग नकोत म्हणणारं माणूस चुनेबुवांना तोवर भेटलं नव्हतं. काम घ्यावं की नाही हे त्यांनी ठरवलं नव्हतं, पण बाईंना नक्की हवंय तरी काय, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते हजर झाले.

एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बाईंचं घर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्यांना जोडणारा लांबट बोळ. बाई एकट्या राहत. त्यांनी छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी कच्चा छापील मजकूर वाचून त्यातल्या चुका शोधायच्या. काना, मात्रा, अनुस्वार, स्वल्पविराम. एक सुटू द्यायचा नाही. आणि आता नेमके त्यांचे डोळेच चालले होते. नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला होता आणि तो वाढत होता. रंग तर केव्हाच विटल्यासारखे झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की दोन-तीन वर्षांत उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरेल.

बाईंनी हे सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "डोळे आहेत तोवर मला हे घर पाठ करायचंय. पण ते पाठ होण्यासारखं नाहीये. इथल्या सगळ्या भिंती सारख्या लागतात हाताला. बोळात हात फिरवत चालले, की मी कुठं आहे ते कळत नाही. काल स्वयंपाकघर समजून न्हाणीघरात गेले. माझं म्हणणं असं, की प्रत्येक जागा हाताला आणि पायाला वेगळी लागली पाहिजे. जमेल?"

चुनेबुवांनी आयुष्यभर भिंती एकसारख्या करण्यात हाडं झिजवली होती. वेगवेगळ्या लागतील अशा करा, असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी बोळाच्या भिंतीवर हात ठेवला. बाईंनीही ठेवला.

"जमेल की नाही माहीत नाही," चुनेबुवा म्हणाले, "पण करून बघावंसं वाटतंय."

"मलाही तेच ऐकायचं होतं. 'सोपं आहे' म्हणाला असतात, तर परत पाठवलं असतं."

पुढचा आठवडा चुनेबुवांनी भिंतीला हात लावला नाही. ते गावभर हिंडले. विटा पाडणाऱ्याकडून दोन जागची माती आणली, नदीकाठची बारीक वाळू आणली. गोठ्यातून गवताचा भुसा, दोर वळणाऱ्याकडून काथ्या, टोपल्या विणणाऱ्याकडून बांबूच्या पट्ट्या आणि वेताचे उरलेले तुकडे. घरी जुना चुना भिजत ठेवलेला होताच. शिवणाच्या खोलीतून गोणपाटाचे आणि जाड सुती कापडाचे तुकडे उचलले. बायको नव्हती म्हणून ते धाडस. मग फळ्यांचे वीतभर चौकोन कापून एकेकावर एकेक गोष्ट चढवली. एकावर माती-भुशाचा गिलावा, एकावर गुळगुळीत दगडानं घोटलेला चुना, एकावर खळीनं चिकटवलेलं गोणपाट, एकावर ओळीनं बसवलेली सुतळी, एकावर नुसती जाड वाळू. असे चौदा चौकोन झाले.

बाईंनी डोळ्यांवर ओढणी बांधली आणि टेबलाशी बसून चौदाही तपासले. त्यांची बोटं डावीकडून उजवीकडे जायची, कडेला पोचली की खालच्या ओळीवर यायची. मुद्रित वाचताना नजर जाते तशीच.

"हे काय आहे?"

"काथ्या."

"याला फार बडबड करायची सवय आहे. रोज सकाळी उठून मी हे ऐकणार नाही. पुढचं द्या. हा चुना का? वा. हा निजायच्या खोलीत नको, बसायच्या खोलीत हवा. पाहुण्यांसमोर जरा गुळगुळीत बोलावं. ही माती. ही थांबा." त्यांनी मातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "ही गार आहे. पण दगडासारखी परकी नाही. निजायच्या खोलीत ही लावा." मग एका कोपऱ्यावर बोट टेकवून म्हणाल्या, "आणि इथं एक अनुस्वार जास्तीचा पडलाय."

चुनेबुवांनी पाहिलं. भुशाचं टोक वर आलं होतं, मोहरीएवढं. चाळीस वर्षांत त्यांच्या कामातली इतकी बारीक चूक कुणी काढली नव्हती. त्यांना एकदम बरं वाटलं.

संध्याकाळी उजेड उतरायला लागला की दोघं आणखी एक काम करायचे. बाई घरभर चालायच्या आणि काय दिसेनासं होतंय ते सांगायच्या. "दाराची चौकट गेली. खुर्ची गेली. कपाट आहे अजून." चुनेबुवा मागून बघत यायचे आणि त्यांच्या लक्षात यायला लागलं, की बाई जे जे सांगतायत ते ते त्यांनाही तसंच दिसतंय. हिरवी खुर्ची लालसर फरशीवर खरोखरच विरघळून जायची. इतरांना ती दिवसाढवळ्या ठसठशीत दिसत असणार, पण चुनेबुवांच्या नजरेला ती कायमच अर्धी बुडालेली. मग त्यांनी भराभर सांगायला सुरुवात केली. चौकटी गडद करू, भिंती उजळ ठेवू. ओट्याची कड काळी, ओटा पांढरा. दिव्याच्या बटणामागे गडद लाकडाची चकती. खुर्चीवर फिकट सुती कापड टाकू.

"तुम्हाला हे बरोबर कसं कळतं?" बाईंनी विचारलं. "माझा मुलगा मोठा हुशार आहे, पण त्याला नाही कळत. तो म्हणतो, आई, समोर तर आहे हिरवीगार खुर्ची."

चुनेबुवांनी हातातला पॉलिश पेपर उगाच उलटसुलट केला.

कामाला लागल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. मातीचा पहिला हात दुसऱ्याच दिवशी तडकला. भिंतीवर नद्यांचा नकाशा उमटला. वाळू कमी पडली होती. सगळं खरवडून पुन्हा केलं. भुसा भिजवून आंबत ठेवलेल्या बादलीचा असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन चौकशी करून गेले. बोळात कंबरेच्या उंचीवर काथ्याचा दोर ठोकला, तर बाईंच्या तळहाताला कुसळं टोचली. मग त्याला सुती पट्टीची गुंडाळी केली आणि प्रत्येक दारापाशी मात्र काथ्या उघडा ठेवला. एक उघडा तुकडा म्हणजे स्वयंपाकघर, दोन म्हणजे न्हाणीघर. पायाखाली बोळात बांबूच्या पट्ट्यांची चटई, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गोणपाट, न्हाणीघराच्या दारात सिमेंटात बसवलेले चपटे गोटे. बाई दिवसातून दहादा डोळे मिटून फेरी मारायच्या आणि शेरे सांगायच्या. चुनेबुवा ते भिंतीवरच पेन्सिलीनं लिहून घ्यायचे.

निजायच्या खोलीतली मोठी भिंत सगळ्यात शेवटी झाली. खिडकीपासून दारापर्यंत सलग माती, हातानं थोपून, मग लाकडी थापीनं सारखी केलेली. तिथं बाईंनी एकही चूक काढली नाही. वाळल्यावर दोघं तिच्यासमोर पाट टाकून चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा मुलगा सुटी घेऊन आला. दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होता. बोळातला दोर त्याला आवडला, गोटे आवडले. ओट्याची काळी कड पाहून "हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही" असंही म्हणाला. मग तो निजायच्या खोलीत गेला आणि तिथूनच त्यानं विचारलं, "आई, ही भिंत अर्धी लाल आणि अर्धी हिरवट का आहे?"

चुनेबुवांनी हातातला कप खाली ठेवला.

दोन जागची माती. दोन पोती. एक संपलं तेव्हा त्यांनी दुसरं उघडलं होतं, मूठभर माती उजेडात धरून पाहिली होती, दोन्ही सारख्याच गडद वाटल्या होत्या. बायको असती तर पोत्याला गाठ मारलेली असती. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे एक वेडीवाकडी सीमा गेली होती, आणि तिच्यासमोर बसून ते दोन दिवस चहा पीत होते.

मुलगा बोळात आला. "तुम्ही हे मुद्दाम केलंत का?"

हो म्हणता आलं असतं. हल्ली अशी फॅशन आहे म्हणता आलं असतं. चुनेबुवांच्या तोंडापर्यंत तो जुना विनोदही आला. पण समोर बाई उभ्या होत्या, मान एका बाजूला कलती करून, डागाच्या कडेनं त्यांच्याकडे बघत, आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मुद्दाम नाही," चुनेबुवा म्हणाले. "मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. लहानपणापासून."

मुलाचा आवाज चढला. "तुम्ही रंगारी आहात ना? रंग दिसत नाहीत आणि लोकांची घरं रंगवता? आधी सांगायला नको?"

"मी छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली," बाई म्हणाल्या, "आणि मला आता अक्षर दिसत नाही. तू कुणाकुणावर रागावणार आहेस?"

"आई, तो वेगळा प्रश्न आहे."

"असेल. मला आता वेगळाच प्रश्न पडलाय." त्या चुनेबुवांकडे वळल्या. "म्हणजे संध्याकाळी मला जे दिसतं, ते तुम्हाला दुपारीही दिसतं?"

"जवळजवळ."

"म्हणून खुर्चीचं कळलं."

"हो."

बाईंनी पाट ओढला आणि बसल्या. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. पिकलेलं फळ कसं ओळखता? दाबून आणि वासावरून. रस्त्यावरचा सिग्नल? वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की जायचं. रक्त आलं तर? ओलं लागतं तेव्हा. चुनेबुवांना पहिल्यांदा घाम फुटला होता, पण तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर तो वाळला. इतकी वर्षं जे झाकून ठेवलं, त्यात कुणाला इतकं स्वारस्य असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग त्यांनीही धीर करून एक विचारलं. "बाई, तुम्ही तर साठ वर्षं सगळे रंग पाहिलेत. लाल म्हणजे कसं असतं हो?"

मुलगा म्हणाला, "गरम. लाल म्हणजे उष्ण."

"काहीतरीच. फ्रीजमधला टोमॅटो काय उष्ण असतो?" बाईंनी विचार केला. "छापखान्यात आम्ही चुका लाल शाईनं दाखवायचो. पानभर काळी अक्षरं, आणि त्यात लाल खूण. पान हातात घेतलं, की वाचायच्या आधीच ती खूण दिसायची. लाल म्हणजे ते. बोलवायच्या आधी येऊन उभं राहणारं."

चुनेबुवांनी डोळ्यांसमोर ते पान आणून पाहिलं. "मला ती काळीच दिसली असती."

"मग तुम्ही आमच्याकडे असतात, तर सगळी पुस्तकं चुकांसकट छापली गेली असती," बाई म्हणाल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या, की शेवटी मुलालाही हसू आलं. पण भिंत एकरंगी करून घ्यायचीच, हे त्यानं जाताना बजावलं. आईला दिसत नसलं तरी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं, असं त्याचं म्हणणं. ते चूक होतं असंही नाही.

चुनेबुवा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी त्यांनी बायकोला फोन करून सगळं सांगितलं. तिकडून जुळ्यांच्या रडण्याचा आवाज येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "हसले का लोक?"

"हसले. पण माझ्याबरोबर."

"आणि माझं गोणपाट कुणी उचललं?"

पंधरा दिवसांनी ती परतली, ती घरी पिशवी ठेवून थेट बाईंकडेच गेली. भिंतीसमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. चुनेबुवा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. भिंतीवर काय आहे हे त्यांना तिथूनच वाचायचं होतं.

"वाईट आहे का फार?"

"रंग दोन्ही चांगले आहेत," ती म्हणाली. "एक विटेसारखा, एक शेवाळ वाळल्यासारखा. भांडत नाहीत. वाईट आहे तो जोड. कापड असं जोडलं गेलं, तर आम्ही त्याच्यावर गोट लावतो. जोड लपवायचा नाही, तिथंच किनार द्यायची."

बाईंना गोट म्हणजे काय ते माहीत होतं, आणि कल्पना त्यांना फार पसंत पडली. दुपारभर तिघांनी मिळून सुती कापडाच्या चिंध्यांची जाड वेणी घातली. बायकोनं ती सीमेवरून वळणं घेत धरली, चुनेबुवांनी मातीत खाच पाडून ती निम्मी आत बसवली, आणि बाई मागून बोट फिरवत आल्या. वेणी खिडकीच्या कोपऱ्यात सुरू झाली आणि खाली उतरत बरोबर दाराच्या कडेपाशी संपली. कुणी तसं योजलं नव्हतं, पण त्या दिवसापासून पलंगावरून उठल्यावर बाई ती वेणी धरून दाराशी पोचायला लागल्या. मुलगा पुढच्या खेपेला आला तेव्हा त्यानं भिंतीचा फोटो काढला आणि ऑफिसात सगळ्यांना दाखवला. ती एकरंगी करायची गोष्ट नंतर निघाली नाही.

बाईंचे डोळे डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा थोडे लवकर गेले. तोवर घर पाठ झालं होतं. त्या स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि नव्या माणसाला घर दाखवताना पुढे त्या चालतात.

चुनेबुवांनी एक गोष्ट बदलली. काम घ्यायला गेले, की दारातच सांगून टाकतात, मला लाल-हिरवं कळत नाही, रंग माझी बायको ठरवेल. पहिल्या वर्षी तीन गिऱ्हाइकं उठून गेली. दोघांनी मागे टिंगल केली, तीही त्यांच्या कानावर आली आणि एक-दोन दिवस मनाला लागली. पण बाईंच्या डॉक्टरांनी आपल्या पेशंटांना त्यांचा पत्ता द्यायला सुरुवात केली. कुणाची आई पडलेली, कुणाचे वडील विसरायला लागलेले. बायकोनं शिवणाचं दुकान सकाळपुरतंच ठेवलं आणि दुपारी दोघं मिळून कामाला जाऊ लागली. पाटीवर आता दोघांची नावं आहेत.

अलीकडे त्यांना एका वृद्धनिवासातून बोलावणं आलं. लांबलचक व्हरांडा, बारा दारं, सगळी एकासारखी एक. म्हातारी माणसं चुकून एकमेकांच्या खोल्यांत शिरायची आणि मग भांडणं व्हायची. व्यवस्थापकांना प्रत्येक दाराला वेगळा रंग हवा होता. चुनेबुवांनी आधी दोन दिवस मागून घेतले. ते प्रत्येक खोलीत जाऊन बसले आणि विचारलं, आयुष्यभर तुमच्या हातात काय असायचं? पोस्टात थैल्या उचललेल्या आजोबांच्या चौकटीला थैलीचंच जाड किंतान लागलं. टोपल्या विणणाऱ्या आजींनी थरथरत्या हातांनी स्वतःच वेत विणून दिला. सुताराला रंधा न मारलेलं लाकूड हवं होतं, आणि एका परिचारिकेला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड.

बाराव्या खोलीतल्या गृहस्थांनी त्यांना बसूही दिलं नाही. "मी हातानं काहीच केलं नाही," ते म्हणाले. "मी कारकून होतो. माझं दार कोरं ठेवा."

"एवढ्या दारांत तुम्हाला ते सापडेल कसं?" चुनेबुवांनी विचारलं.

"अकरा दारांवर तुम्ही काहीबाही चिकटवणार. जिथं काही लागणार नाही ते माझं."

चुनेबुवांनी बाहेर येऊन बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, माणूस बरोबर बोलतोय. मग चुनेबुवांनी त्या दारावर तीन दिवस घालवले. जुना रंग खरवडला, लांबी भरली, चार नंबरांच्या पॉलिश पेपरनं घासलं, आणि पांढरा हात दिला. गृहस्थ खुर्ची बाहेर टाकून सगळं काम बघत बसले होते. शेवटच्या दिवशी त्यांनी उठून दारावरून तळवा फिरवला, वरून खाली आणि पुन्हा वर, आणि शेजारच्या आजोबांना हाक मारली. म्हणाले, "जरा इकडे या, हात लावून बघा. पण हात धुऊन या."